कोकर घाटावर: सांगली-साताऱ्यात समुद्री मासा नव्याने आणणाऱ्यांसाठी

सांगलीत मासा म्हणजे मुळात नदीचा. मरळ, वांब, रोहू, कटला आणि आता जिथं बघावं तिथं चिलापी. साताऱ्या-कऱ्हाडकडंही फार वेगळं नाही. समुद्राचा मासा आणायचा म्हटलं की पाहुणे असतील तर सुरमई किंवा पापलेट, घरच्यापुरता असेल तर बांगडा. बाजारात त्याच पाट्यांच्या कडेला बर्फात अर्धा रुतलेला, रुंद चंदेरी अंगाचा आणि शेपटाकडं एकदम बारीक झालेला एक मासा पडलेला असतो. विक्रेता म्हणतो, "दादा, कोकर न्या, मस्त आहे." गिऱ्हाईक म्हणतं, "नको, सुरमईच दे." आणि दुप्पट पैसे मोजून, कधी कधी त्याच्याहून शिळी सुरमई घेऊन घरी जातं.

ज्यांना समुद्री मासा घ्यायची सवय नाही, पण आता घ्यावा असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत सरळ आहे: घाट चढून आपल्यापर्यंत येणाऱ्या माशांमध्ये नवख्यानं सुरुवात करावी ती कोकराच्या कुळापासून. मांस घट्ट असतं, तव्यावर तुकडी मोडत नाही, काटे मोठे आणि मोजके, त्यामुळं पोरंबाळंही खातात. बर्फातला प्रवास हा मासा चांगला सोसतो. मात्र बर्फाबाहेर राहिलेला अजिबात घेऊ नये. या एका अटीभोवतीच पुढचं बरंचसं फिरतं.

आधी ओळख करून घ्या

शास्त्रात या कुळाला कॅरँजिडी म्हणतात. जगभरच्या उष्ण समुद्रांत मिळून याच्या सुमारे १५० जाती आहेत. इंग्रजीत कुणाला ट्रेव्हली, कुणाला जॅक, कुणाला स्कॅड म्हणतात. आपल्याकडं रत्नागिरी-मालवणकडून येणाऱ्या रुंद अंगाच्या ट्रेव्हलींना सर्रास कोकर म्हणतात. तमिळ व्यापाऱ्याच्या पेटीतून आला तर तोच पारै, आणि केरळी खानावळीत वट्टा.

या कुळातला एक मासा तुम्ही बहुतेक आधीच खाल्लेला आहे, तो म्हणजे हळवा. काळं पापलेट म्हणून विकतात तोच. दिसायला पापलेटाचा भाऊ, पण नातं कोकराशी. खरं चंदेरी पापलेट, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झालेलं, ते पूर्णपणे वेगळ्या कुळातलं. खात्री करायची असेल तर दोन्ही माशांच्या शेपटाच्या देठावर आडवं बोट फिरवून बघा. पापलेट गुळगुळीत लागेल. हळव्याला मध्यरेषेवर बारीकशी धार लागेल.

हीच धार कोकराला चांगली ठसठशीत असते. अंगाच्या मधोमध जी रेघ डोक्यापासून शेपटापर्यंत जाते, तिच्या मागच्या भागात खवल्यांचे कडक, टोकदार पट्टे झालेले असतात. पँटच्या चेनवरून नख फिरवल्यासारखं वाटतं. शेपटाकडून डोक्याकडं हात फिरवू नका, बोट कापतं. बाजारात ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. दुसरी खूण पोटाखाली असते: खालच्या लांब पराच्या आधी दोन आखूड, सुटे काटे. तिसरी म्हणजे शेपटाचा देठ इतका बारीक की दोन बोटांत धरता यावा, आणि त्यापुढं खोल दुभंगलेली शेपटी. हा सगळा पोहणाऱ्याचा बांधा आहे. ही मंडळी दिवसभर पळत शिकार करतात. मांस घट्ट का, त्याचं उत्तर तिथंच आहे.

काट बांगड्याला नवखा माणूस हमखास फसतो. तो लांबट, गोलसर अंगाचा, बांगड्यासारखा दिसतो, शेपटाजवळ बांगड्यासारखीच सुटी पिल्लं-परं असतात, पण बाजूला काट, म्हणजे वर सांगितलेली टोकदार खवल्यांची धार, भरपूर. तो बांगडा नाही, याच कुळातला आहे. मांस जास्त गडद आणि वासाला उग्र. ज्यांना बांगडा आवडतो त्यांना आवडेल. पहिल्यांदाच समुद्री मासा खाणाऱ्याच्या ताटात तो वाढू नका, परत कधी मासा आणू देणार नाहीत.

कधीमधी क्वीनफिश येतो. लांब, चपटा, कातडं चामड्यासारखं, बाजूला पाच-सहा मोठे धूसर ठिपके. याला काट नसते, पण पाठीवरचे आणि खालचे आखूड काटे विषारी असतात. जीव जात नाही, पण टोचला तर हात ठणकतो. तो मासेवाल्याकडूनच साफ करून घ्या.

आणि हो, ज्यांनी मोबाईलवर तो व्हिडिओ पाहिलाय, ज्यात एक मासा पाण्यातून उसळी मारून उडता पक्षी गिळतो, तो याच कुळातला. जायंट ट्रेव्हली, मासेमारीच्या नादिष्टांच्या भाषेत जीटी. सेशेल्सच्या फार्कर बेटांजवळ सूटी टर्न पक्ष्यांची पिल्लं उडायला शिकत असताना हे मासे खाली दबा धरून बसतात. पीटर फोर्सकाल या संशोधकानं तांबड्या समुद्रात गोळा केलेल्या नमुन्यावरून १७७५ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. गळानं पकडलेल्या जीटीचा जागतिक विक्रम जपानच्या कागोशिमा किनाऱ्यावरचा, २००६ सालचा, ७२.८ किलोंचा. हवाईत त्याला उलुआ म्हणतात. आपल्या पाटीत येतात ती याची किंवा याच्या चुलत भावंडांची दीड-दोन किलोंपर्यंतची पिल्लावळ, आणि खायला तीच बरी. का, ते पुढं सांगतो.

कुठल्या दिवशी जायचं

आपल्याकडं मांसाहाराचे वार ठरलेले. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत चालत नाही, आणि रविवारी सगळं गाव एकाच दुकानावर तुटून पडतं. रविवारी सकाळी भाव चढा, निवड कमी आणि मासेवाल्याला बोलायला वेळ नाही. नवख्यानं बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी लवकर जावं. दोन प्रश्न विचारता येतात, कल्ला उघडून बघता येतो, तो साफही नीट करून देतो.

माल येतो कुठून हेही माहीत असावं. सांगली-मिरजेला येणारा बराचसा मासा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आंबा घाट चढून, कोल्हापूरमार्गे येतो. कऱ्हाड-साताऱ्याला चिपळूणकडून कुंभार्ली घाटानं पाटणमार्गे. टेम्पो रात्रीचे निघतात आणि पहाटे पोचतात. म्हणून सकाळी सात-आठला जे दिसतं ते त्या दिवसाचं. दुपारी चारला जे दिसतं ते सकाळचं उरलेलं, किंवा काल रात्री पेटीत परत गेलेलं.

आता हंगाम. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जूनपासून निदान ३१ जुलैपर्यंत बंद असते. आणि आपला आखाड नेमका त्याच काळात येतो! सगळ्यांना श्रावणाआधी खाऊन घ्यायचं असतं आणि समुद्रातून काही येत नसतं. या दिवसांत ताजा समुद्री मासा म्हणून जे दाखवतील ते एकतर शीतगृहातलं असतं, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरचं. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळं जूनच्या मध्यानंतर तिकडच्या होड्या समुद्रात असतात. दोन्ही घ्यायला हरकत नाही, फक्त काय घेतोय ते माहीत असावं आणि भाव ताज्याचा देऊ नये. मी आखाडात मटण खातो आणि कोकराचं नाव काढतो ते श्रावण संपल्यावर. ऑक्टोबरपासून होळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले: हवा थंड, माल भरपूर, प्रवासात खराबी कमी.

ताजा कसा ओळखायचा

'डोळे चकचकीत, कल्ले लाल' हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. फक्त डोळ्यांवर विसंबू नका. बर्फ डोळ्याला लागून राहिला तर चांगल्या माशाचाही डोळा पांढुरका होतो. कल्ला मात्र खोटं बोलत नाही. मासेवाल्याला सांगा, "कल्ला उघडून दाखवा." गडद लाल आणि ओलसर हवा. विटकरी, तपकिरी झाला असेल किंवा चिकट तार सुटत असेल तर पुढं चला. पोट दाबून बघा: बोट उचलल्यावर खळगा भरून आला पाहिजे. पोट फुगलेलं किंवा खालून फाटलेलं नको.

कोकराची खरी परीक्षा कापल्यावर होते. अंगाच्या मधोमध, कातड्याच्या लगत, गडद मांसाची एक पट्टी असते. ताज्या माशात ती रक्तासारखी लाल असते आणि बाकीचं मांस अर्धपारदर्शक, गुलाबी-पांढरं. शिळं होत जाईल तशी ती पट्टी आधी तपकिरी, मग करडी-चॉकलेटी होते, आणि कडांनी मांसात रंग पाझरल्यासारखा दिसतो. कापून ठेवलेल्या तुकड्या विकत घेत असाल तर हीच खूण बघायची, दुसरं काही बघायला उरलेलंच नसतं. तरी नवख्यानं शक्यतो अख्खा मासा निवडून समोर कापून घ्यावा.

नाक वापरायला लाजू नका. ताज्या समुद्री माशाला समुद्राचा, थोडा खारट वास येतो. अमोनियाचा भपकारा येत असेल तर 'मसाल्यात जाईल' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मासा बर्फात आहे का बर्फावर आहे हे बघा. खाली बर्फाची लादी आणि वर उन्हात तापणारा मासा, ही मांडणी दिसायला छान. कोकराला ती चालत नाही. बर्फात पुरलेला, हाताला थंडगार लागणारा मासा घ्या.

हा आग्रह का, ते नीट समजून घ्या, कारण समुद्रापासून दूर राहणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. बांगडा, ट्यूना आणि कोकराचं कुळ यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेल्यावर गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामीन करतात. एकदा ते तयार झालं की तळून, उकळून, फ्रीजरमध्ये ठेवून, कशानंही जात नाही. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते, कधी उलट्या-जुलाब होतात. कधी कधी खातानाच जिभेला मिरीसारखी झोंब लागते. लोक याला 'मला मासा सोसत नाही' म्हणतात आणि आयुष्यभर मासा सोडतात. बऱ्याचदा दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो. असा त्रास झाला तर उरलेलं फेकून द्या आणि डॉक्टरांकडं जा. दम लागत असेल तर ताबडतोब.

किती मोठा घ्यायचा

चार माणसांच्या घराला किलो-सव्वा किलोचा एक मासा पुरतो. डोकं, परं, पोटातलं काढून हातात साधारण सहाशे-साडेसहाशे ग्रॅम तुकड्या येतात, हे भाव विचारतानाच मनात धरा, म्हणजे घरी गेल्यावर 'एवढंच?' होत नाही. हळव्यात वाया जाणारं थोडं कमी.

मोठ्या माशाचा हव्यास धरू नका. पाच-सात किलोचं धूड पाहून मोह होतो, पण मांस चरबट आणि भरड, लाल पट्टी जाड. शिवाय मोठे शिकारी मासे वर्षानुवर्षं छोटे मासे खात वाढतात, त्यामुळं त्यांच्या अंगात पारा जास्त साठतो. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर छोटाच मासा आणा. पॅसिफिक आणि कॅरिबियन बेटांवर तर मोठे जॅक मासे खायला लोक वेगळ्याच कारणानं कचरतात: प्रवाळाजवळच्या एका सूक्ष्म शैवालाचं विष खालच्या माशांतून वर चढत या मोठ्या माशांत साठतं. सिग्वाटेरा म्हणतात त्याला. तेही शिजवून जात नाही. फिरायला तिकडं गेलात आणि कुणी मोठ्या प्रवाळ-माशाचं ताट पुढं केलं तर हे आठवा. आपल्या पाटीतल्या किलोभराच्या कोकराला ही भीती घालून टाळू नका.

साफ करून घेताना

मासेवाल्याला नुसतं 'साफ करून द्या' म्हणालात तर तो सुरमईसारखे आडवे तुकडे करून पिशवीत टाकेल आणि घरी काट तशीच राहील. चार गोष्टी स्पष्ट सांगा. काट दोन्ही बाजूंनी काढायची: सुरी शेपटाशी आडवी धरून डोक्याकडं सरकवत पातळ सालीसारखी निघते. पोटातली काळी पातळ त्वचा आणि कण्याला चिकटलेलं रक्त खरवडून काढायचं, कडवटपणा तिथून येतो. तुकड्या अर्धा-पाऊण इंचाच्या, त्याहून पातळ नकोत, कोरड्या पडतात. आणि डोकं फेकायचं नाही: कल्ले काढून, उभं दोन भाग करून वेगळ्या पिशवीत द्यायचं.

पहिल्यांदा करत असाल, किंवा घरात वासाला नाक मुरडणारं कुणी असेल, तर लाल पट्टीही काढून टाका. तुकडी हातात घेऊन छोट्या सुरीनं दोन तिरक्या चिरा दिल्या की त्रिकोणी निघून येते. उग्रपणा निम्म्याहून कमी होतो. मला ती पट्टी आवडते, पण मी बांगडा खाणाऱ्यांपैकी आहे.

घरी आणल्यावर एकदा वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच कोरडं करा. पाण्यात भिजत घालू नका. पाच-सहा वेळा चोळून चोळून धुवायची आपल्याकडची मटणाची सवय माशाला लावली की चव मोरीत जाते.

कोकणातून स्वतः आणत असाल तर

गणपतीपुळ्याला किंवा मालवणला जाऊन येताना 'तिथला ताजा' म्हणून मासा घेणारे पुष्कळ. कल्पना उत्तम, पण डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वाटेत तीन ठिकाणी चहा पिऊन आणलेला कोकर हा सांगलीच्या बाजारातल्यापेक्षा वाईट असतो. थर्माकोलची पेटी घ्या. बंदरावरच मासा साफ करून घ्या, पोटातलं काढलेला मासा जास्त टिकतो. माशाच्या वजनाइतका बर्फ, फोडून बारीक केलेला, थराथरानं: खाली बर्फ, मग मासा, पोटाच्या पोकळीतही बर्फ, वर पुन्हा बर्फ. पेटीच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक भोक पाडा आणि खाली ट्रे ठेवा, म्हणजे वितळलेलं घाण पाणी साठत नाही. खरेदी परतीच्या दिवशी, निघायच्या अगदी आधी करा. घरी येईपर्यंत बर्फ शिल्लक असला पाहिजे. नसला तर पुढच्या वेळी जास्त घ्या.

घरात आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवायचा असेल तर फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात, झाकलेल्या डब्यात. नाहीतर एका वेळेच्या तुकड्यांची पाकिटं करून फ्रीजरमध्ये. काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून हळूहळू वितळू द्या. ओट्यावर ठेवून ऊन लागू देणं म्हणजे वर सांगितलेल्या हिस्टामीनला आमंत्रण.

तव्यावर

पहिल्यांदा करणाऱ्यानं तुकड्या तळाव्यात. रस्सा नंतर.

अर्धा किलो तुकड्यांना एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि अर्धं लिंबू चोळा. हळद आपलीच वापरा, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. पंधरा मिनिटांनी सुटलेलं पाणी ओतून द्या. हे पाणी टाकणं महत्त्वाचं, पुष्कळसा वास त्याच्याबरोबर जातो. मग आलं, आठ-दहा लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर आणि एक हिरवी मिरची यांचं घट्ट वाटण, त्यात दीड चमचा कांदा-लसूण चटणी. दोन्ही बाजूंनी लावा आणि फ्रीजमध्ये अर्धा तास. मुरवण्यासाठी यापेक्षा जास्त वेळ लागत नाही, जास्त ठेवलं तर लिंबानं मांस पिठूळ होतं.

तवा बिडाचा किंवा लोखंडी, शेंगतेल दोन-तीन चमचे, चांगलं तापलेलं. तुकड्या तीन भाग रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ यात घोळवून तव्यावर ठेवा आणि मग हलवू नका. मध्यम आचेवर चार मिनिटं. कडा पांढऱ्या होऊन रंग मध्यापर्यंत चढताना दिसतो. तेव्हाच उलटायचं, एकदाच. दुसरी बाजू तीन मिनिटं. सुरमईत चरबी बऱ्यापैकी असते, ती थोडी जास्त शिजली तरी सांभाळून घेते. कोकर घेत नाही. मिनिटभर जास्त झालं की दोरा दोरा लागतो. कण्याजवळचं मांस काट्यापासून सहज सुटलं की उतरवा.

रस्सा, आपल्या पद्धतीचा

इथं माझा कोकणातल्या मित्रांशी वाद आहे. ते म्हणतात, ओलं खोबरं, तिरफळ आणि आमसूल यांच्याशिवाय समुद्राच्या माशाचं कालवण होत नाही. त्यांच्या घरी होत नसेल. आपल्याकडं तिरफळ मिळत नाही, ओला नारळ सणावारी फुटतो, आणि घरात वर्षाची चटणी बरणीत तयार असते. तिच्यात कोकराचा रस्सा उत्तम होतो, फक्त मटणाचा हात आवरावा लागतो. लवंग, दालचिनी, मसाला वेलची यांचा जोर माशावर चढला की मासा राहतो नावापुरता. म्हणून चटणी मटणाच्या निम्मी, आणि वरून येसर किंवा गरम मसाला अजिबात नाही.

आधी डोक्याची अळणी काढा. डोक्याचे दोन भाग, चार वाट्या पाणी, चिमूट हळद, दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या. उकळी आली की वरचा फेस काढून आच मंद, वीस मिनिटं. गाळून घ्या. डोक्यातलं मांस, विशेषतः गालाचं, काढून बाजूला ठेवा. ते रस्सा करणाऱ्यानं तिथंच उभ्या उभ्या खायचं असतं.

वाटणाला दोन मध्यम कांदे गॅसवर भाजून, पाव वाटी सुकं खोबरं नुसतं तांबूस होईपर्यंत परतून (काळं करू नका), आठ लसूण पाकळ्या, बोटभर आलं, कोथिंबिरीच्या काड्या. एक चमचा तीळ घातले तर दाटपणा येतो, मी घालतो. बारीक वाटा. तीन चमचे तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, याला दहा मिनिटं तरी द्या. मग दीड ते दोन चमचे कांदा-लसूण चटणी, लगेच अर्धी वाटी अळणी, म्हणजे चटणी करपत नाही. उरलेली अळणी, मीठ, चार आमसुलं. आमसूल किराणा दुकानात मिळतं, नसलंच तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. आंबटपणा मात्र हवाच, टोमॅटोवर भागवू नका, रस्सा गोडसर होतो.

रस्सा दहा मिनिटं उकळून वर कट दिसायला लागला की आच कमी करा आणि तुकड्या एकेक करून सोडा. पळी घालू नका. भांडं दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवा. सात-आठ मिनिटं पुरतात. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि पाव तास हात लावू नका, तोवर ज्वारीच्या भाकरी होतात. ज्यांच्याकडं मांसाहाराची भांडी वेगळी आणि चूल परसात, त्यांनी हे सगळं तिथंच करावं. वासावरून घरात बोलणी बसत नाहीत आणि चुलीवर कटही जास्त चांगला येतो.

हळवा आणला असेल तर हाच रस्सा, पण तुकड्या पाच-सहा मिनिटंच, मांस नाजूक असतं. काट बांगडा असेल तर चटणी अर्धा चमचा आणि आमसूल दोन जास्त.

माशाचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे खरं आहे, पण रात्रभर ओट्यावर ठेवलेलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं रात्रीही घर थंड होत नाही. जेवणं उरकली की रस्सा कोमट झाल्या झाल्या फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी लागेल तेवढाच काढून एकदाच खळखळून गरम करा, आणि तुकड्या संपल्या तर उरलेल्या कटात उकडलेली अंडी सोडा. काट आणि परं ओल्या कचऱ्यात टाकताना वर्तमानपत्राच्या दोन थरांत गुंडाळा, नाहीतर पिशवी फाडून गल्लीतली मांजरं दारात हजर.